पहिल्या धारेतला मासा

शनिवार, ८ ऑगस्ट १९५९

कॉलेज सोडलं. हे दोन शब्द लिहायला मला अर्धा दिवस लागला. सोडायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

काल प्रॅक्टिकलला गेलो तर कपाटात माझ्या माशाची बरणी नव्या लेबलासकट उभी. वर ठसठशीत छापलेलं : 'प्राणिशास्त्र विभाग. प्रा. दाबके संग्रह.' बस्स. फेब्रुवारीत मालवणच्या सहलीत, किल्ल्यामागच्या खडकांत, प्रवाळाच्या कपारीतून हा मासा काढला कुणी? दाबके सर तेव्हा धर्मशाळेत पोट धरून झोपले होते. गुडघे फुटले ते माझे. जाळं धरलं ते मी. आणि हा मासा कुठल्याही पुस्तकात नाही, हे सरांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

डेमॉन्स्ट्रेटर निगुडकरांना विचारलं. ते म्हणाले, "ढमाले, सगळ्याच बरण्यांवर असं असतं. ओरडू नका."

मी त्यांची कॉलर धरली. टेबलावरचे ट्रे खाली आले, बेडूक फरशीभर, निगुडकर शिपायाला बोलवायला बाहेर. मग मी सरळ उघड्या कपाटातून बरणी उचलली. कपाटाची किल्ली यंदा जया खांबेटेकडे आहे. मुलीला किल्ली मिळायची विभागातली ही पहिलीच वेळ. ती दाराशी उभी होती. म्हणाली, "ढमाले, बरणी खाली ठेवा. आत काय आहे ते तरी बघा."

"आत माझा मासा आहे," म्हणालो आणि निघालो.

ती माझ्या बाजूने एक शब्द बोलली असती तर मी थांबलो असतो.

एस.टी.त चढताना बरणीचं काचेचं झाकण दांडीला आपटलं, कड उडाली. पौडपर्यंत स्पिरिट झिरपत होतं. कंडक्टर वाकून म्हणाला, "काय हाय पाव्हणं बरणीत?"

"मासा."

"माशाला असा वास? दारूबंदी हाय म्हनलं, ठावं हाय न्हवं?"

मागून एक बाई म्हणाली, "बाटलीतच चकणा! पुण्याची पोरं लई फुडं गेली बया." सगळी गाडी हसली. मी बरणी छातीशी धरून बसलो.

 घरी आबांनी इरलं पुढे केलं नि म्हणाले, "उद्यापासनं भात बेणायला ये."

सोमवार, १० ऑगस्ट

दिवसभर भाताच्या खाचरात. पाठ मोडली. बरणी भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे. झाकणाच्या फुटक्या कडेला मेण लावलं, पण नीट बसत नाही.

आई बरणीकडे रोज बघते. आज विचारलंच. "खायाचा हाय का त्यो?"

"नाही."

"इकायचा?"

"नाही ग आई."

"मंग मासा कशाला?"

मालवणचा नावाडीसुद्धा हेच म्हणाला होता. सर नाव विचारत होते तर म्हणे, "ह्येका कोण खाता? मग नाव कशाक व्हया?" त्यावर जया किती हसली होती! तोंडावर हात न धरता. तिने निऱ्या खोचलेल्या, वेणी पाण्यात भिजलेली, टोकाला समुद्राची वाळू. खडकावर उकिडवी बसून, बशीतल्या पाण्यात मासा जिवंत आहे तोवर ती भराभर रंग भरत होती. स्पिरिटात गेला की रंग जातात, म्हणून घाई. तिच्या कपाळावर रंगाचं निळं बोट लागलं होतं, ते तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. संध्याकाळपर्यंत ते निळं मी पाहत होतो.

आता बरणीतला मासा पांढराफटक आहे. दीड इंच. त्याच्याआड कागदाची गुंडाळी काचेला चिकटलेली. आतली पेन्सिलची चिठ्ठी म्हणजे बाहेरच्या लेबलाची नक्कल, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. निगुडकरांचंच काम. ते नाव पुन्हा डोळ्यांपुढे नको म्हणून मी बरणी फिरवून चिठ्ठी भिंतीकडे केली आहे. बाहेरचं लेबल तर खरवडूनच टाकलं.

शनिवार, २२ ऑगस्ट

तिचं पत्र आलं!! पौडला पीरमहंमद चाचांच्या दुकानात आमच्या वाडीचं टपाल पडतं. चाचांनी पाकीट उघडून बघितलं नाही, पण अक्षर बघितलं. "बाईमाणसाचं अक्षर हाय. तुझ्या बापाला, कोंडाजीला सांगू का तूच सांगतोस?"

इथे उतरवून ठेवतो.

'रा. रा. ढमाले यांस, कलकत्त्याच्या तज्ज्ञांचं उत्तर आलं आहे. चित्र आणि मोजमापं पाहून त्यांचं मत असं की हा मासा आजवर नोंदलेला नाही. परंतु नमुना प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय नाव देता येत नाही. एकच नमुना आहे. कृपया बरणी ताबडतोब परत आणून द्यावी. स्पिरिट कमी होऊ देऊ नये. ता. क. डोळ्याभोवतीचं कडं मी शेंदरी रंगवलं आहे, पण तुम्ही अगदी जवळ होतात. लाल होतं का, आठवून कळवा. — ज. खांबेटे.'

म्हणजे माझं खरं! नवा मासा! पण काय हे पत्र! सरकारी नोटीस बरी. कॉलेज सोडून पंधरा दिवस झाले, कसे आहात एवढंही नाही. आणि परत कुणाला द्यायची? दाबके संग्रहाला?

सोमवार, २४ ऑगस्ट

उत्तर टाकलं. चार कागद फाडले, पाचवा पाठवला. लिहिलं की बरणी देईन तर फक्त तुमच्या हातात. दर रविवारी दहाच्या गाडीला पौडच्या स्टँडवर उभा राहीन. शेवटी कड्याबद्दल लिहिलं, 'तुम्ही म्हणाल तो रंग.'

 तिला कळेल.

रविवार, ३० ऑगस्ट

दहाची गाडी आली. लवळ्याच्या दोन बाया, एक पोलीस, कोंबड्यांची पाटी. ती नाही.

रविवार, ६ सप्टेंबर

नाही. चाचा दुकानातून म्हणाले, "कुनाची वाट बघतुयास रं जयसिंग? गाडी तर रोज रिकामीच येती." मी म्हणालो, खताची. चाचा म्हणाले, "खत धा वाजता डोक्याला तेल लावून उतरवत्यात व्हय?"

बुधवार, ९ सप्टेंबर

दुसरं पत्र.

'मला येता येणं शक्य नाही, हे तुम्हाला कळायला हवं होतं. किल्ली काढून घेतली आहे. बरणीबद्दल लेखी जबाब द्यावा लागला. तुमचं नाव लिहिलं नाही. झाकण दुरुस्तीला बरणी बाहेर दिली आहे, असं लिहिलं. ते तीस सप्टेंबरपर्यंतच खरं राहील. कड्याचा रंग मी विचारला होता तो खरोखर हवा होता.'

माझं नाव लिहिलं नाही! मुलगी खोटं बोलते ती कुणासाठी? पत्र तीनदा वाचलं, खाचरात नेलं, भिजलं, चुलीपाशी सुकवलं. आई म्हणाली, "कागद भाजून खानार का?"

एकच गोष्ट खटकली. बरणीतलं स्पिरिट पार खाली गेलंय. माशाची पाठ उघडी पडली आहे. मेण गळालं असणार. अशी अर्धी बरणी घेऊन तिच्यापुढे जायचं? आधी भरायची. काठोकाठ. मग बघू.

गुरुवार, १० सप्टेंबर

चाचांकडे स्पिरिट मागितलं. ते दुकानाचं दार लोटूनच बोलले. "येडा झालास? पालिशच्या स्पिरिटलाबी परमिट लागतंय. कचेरीत जा. न्हाईतर मीठ चोळ आन उन्हात टाक, सुकट व्हील झ्याक."

मामलेदार कचेरीत गेलो. कारकून बरा वाटला आधी. म्हणाला, "शास्त्रासाठी हवंय ना? कॉलेजची चिठ्ठी आणा, चार दिवसांत परमिट."

"चिठ्ठी मिळणार नाही. मी कॉलेज सोडलंय."

"मग शास्त्र कसलं?"

मी त्याच्या टेबलावरची दौत उडवली. आता शाईचे डाग माझ्या सदऱ्यावरही आहेत. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत म्हणाला, "कोंडाजी ढमाल्याचा न्हवं का तू? बाप एवढा गरीब."

चिठ्ठी मागायला जयाला लिहिता आलं असतं. हे आत्ता लिहिताना सुचतंय.

शनिवार, १२ सप्टेंबर

कुशाबा नानांनी वाट सांगितली. आमच्या शेजारचे. चार वर्षांत दारूबंदीवाल्यांनी त्यांना दोनदा नेलंय, म्हणून त्यांना सगळ्या वाटा माहीत. धरणाच्या अंगाला, ओढ्याच्या वर करवंदीच्या जाळीत भैरूची भट्टी आहे.

भैरूने आधी पळायची तयारी केली. मग बरणीचं ऐकून खाली बसला नि पोट धरधरून हसला. "माशाला पाजायची? आजवर मान्सं मासं खात माझी प्याली. ह्यो पयलाच मासा."

मी म्हणालो, "कडक पाहिजे. सगळ्यांत कडक."

"पयल्या धारेची हाय. हिच्यानं मान्सं मरत्यात, मेलेला मासा टिकायचा न्हाई व्हय?"

मी फसणारा नव्हे. बशीत ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली, स्वच्छ, समुद्रासारखी. भैरू म्हणाला, "बघ. आगीनं साक्ष दिली."

घरी येऊन बरणी काठोकाठ भरली. मासा पुन्हा पूर्ण बुडाला. आता झाकणाला मेणाचे तीन थर. कोण म्हणतं कॉलेजशिवाय शास्त्र होत नाही?

रविवार, २० सप्टेंबर

स्टँडवर उभा होतो. येता येणं शक्य नाही असं तिने लिहिलंय खरं, पण बायका लिहितात एक नि मनात असतं दुसरंच. दहाच्या गाडीने नेऱ्याचं एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं. नवरीने माझ्याकडे बघितलं तर मला रडू येईल असं वाटलं. मीच पुण्याला जावं का? जाऊन निगुडकरांचं तोंड बघावं का? नाही. यायचं तर तिने.

रविवार, २७ सप्टेंबर

बरणीतलं पाणी थोडं गढूळ दिसतं. भैरूच्या गुळाचा अंश उतरला असेल. हलवलं की साय फिरल्यासारखी फिरते, मग बसते. मासा दिसतो. म्हणजे आकार दिसतो.

आई म्हणाली, "जया, देवळीतनं वास येतुया." ती मला जयाच म्हणते. जयसिंगचं जया. एरवी मला हे ऐकून गोड वाटतं. आज खेकसलो. म्हणालो, स्पिरिटचा वास असाच असतो. ती म्हणाली, "म्या आयुष्यात दारूबी हुंगली आन मासळीबी. मला शिकवू नगंस."

गुरुवार, १ ऑक्टोबर

तिसरं पत्र. तीनच ओळी.

'तीस तारीख झाली. वडिलांनी माझं नाव कॉलेजातून काढून घेतलं आहे. बरणी आता विभागात नेऊ नका, माझ्या घरी पोचवा. कलकत्त्याला मी स्वतः पाठवीन, तेवढं तरी होऊ द्या.'

नाव काढून घेतलं? का? खोट्या जबाबापायी? की लग्न ठरलं? तिनं काहीच लिहिलेलं नाही, आणि मला एकाएकी असं वाटतंय की विचारायचा हक्कही मला नाही. उद्या बरणी नीट बांधतो, सोमवारी पहिली गाडी.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

सकाळी शाळेची पोरं फेरीला गेली. 'दारू सोडा, संसार जोडा.' मी तेव्हा पडवीत बसून मेण खरवडत होतो. माशाभोवती कापूस घालायचा होता, प्रवासात हिसके नकोत म्हणून.

झाकण निघालं आणि आई आतून ओरडली, "फेक ती घान!"

चिमटा लावला. अगदी हलक्या हाताने लावला. शेपूट निघून आली, बाकीचा मासा तिथेच. पुन्हा लावला तर पोटाचा भाग विरघळलेल्या साबणासारखा पसरला. खवले वर तरंगले. मणक्याचा बारीक दोरा राहिला नि डोळ्याचा एक पांढरा मणी.

मी ते सगळं तसंच बघत बसलो.  पोरं फेरी संपवून परत गेली.

मग राहिली ती गुंडाळी. काढून पाटावर उलगडली. जाड कागद, पेन्सिल. शाई स्पिरिटात उतरते, पेन्सिल उतरत नाही. कुजक्या पाण्यातही उतरली नव्हती. एकेक अक्षर स्वच्छ.

'मालवण, किल्ल्यामागील खडक. १४ फेब्रुवारी १९५९. ओहोटी. प्रवाळाच्या कपारीत. संग्राहक : ज. कों. ढमाले.'

अक्षर निगुडकरांचं नाही. तीन पत्रं माझ्या उशाखाली आहेत, ते अक्षर मी अंधारात ओळखीन.

सोमवार, ५ ऑक्टोबर

पुण्याला जाऊन आलो. सगळं लिहितो, नाहीतर उद्या मी त्यात फेरफार करीन.

बरणी घेऊनच गेलो. टाकून द्यायचं धाडस झालं नाही. तिच्या घरी ओसरीवर वडील पेपर वाचत होते. मी नाव सांगितलं तशी पेपर खाली न घेता म्हणाले, "जया, ते आले आहेत." 'ते' म्हणजे मी. म्हणजे या घरात मी माहीत होतो.

ती आली. बारीक झाली आहे. बरणी घेऊन उजेडात धरली. माझ्याकडे नाही, बरणीकडेच बघत म्हणाली, "किती टक्के?"

"काय?"

"स्पिरिट. किती टक्क्यांचं घातलंत?"

"हातभट्टी होती. पहिल्या धारेची." मग वेड्यासारखं म्हणालो, "काडी लावून बघितली होती. पेटली."

ती हसली. खरंच हसली, तोंडावर हात न धरता, मालवणला हसली होती तशी. आणि मग ते हसू गेलं. कुठे गेलं ते मला दिसलंही नाही.

"पेटायला अर्धी ताकद पुरते, ढमाले. टिकवायला नाही." बरणी तिने कट्ट्यावर ठेवली, हळू, आत अजून काही असल्यासारखी. "नुसत्या पाण्यात ठेवला असतात तर दोन दिवसांत कळलं असतं. धावत आला असतात."

मी खिशातून चिठ्ठी काढली. "ही होती आत."

"वाचलीत?"

"शुक्रवारी."

"बाहेरच्या लेबलावर कपाट कुणाचं ते असतं. आतल्या चिठ्ठीवर मासा कुणी धरला ते. मी त्या दिवशी म्हणाले होते, आत बघा."

"मी समजलो निगुडकरांनी लिहिली."

"तुम्ही समजलात," ती म्हणाली. रागाने नाही. राग असता तर बरं होतं, मला रागाशी बोलता येतं.

"हिच्यावर तुमचं नाव का नाही? चित्र तुम्ही काढलंत, खवले तुम्ही मोजलेत."

"मासा मी धरला नव्हता."

तेवढ्यात आतून तिने मूळ चित्र आणलं. म्हणाली, कलकत्त्याला आज कळवते, नमुना नाही म्हणून. मी म्हणालो, चित्र आहे की. त्यावर ती म्हणाली, "नमुना नसला की चित्र म्हणजे नुसतं चित्र. कुणीही म्हणेल मनाने काढलं. हे तुम्हीच ठेवा. आता माझ्या सामानात ते बांधून न्यायला जागा नाही."

कुठे बांधून न्यायला, ते मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "मी पुन्हा मालवणला जाईन. दुसरा आणीन."

"आणा," ती म्हणाली. मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून, "पण ओळखाल कसा? कड्याचा रंग विचारला तर तुम्ही लिहिलंत, मी म्हणीन तो."

वडील म्हणाले, "झालं का?"

"झालं, अप्पा."

मी तिला बरंच काही सांगायचं ठरवून गेलो होतो. गाडीत दोनदा म्हणूनही बघितलं होतं. बरणी उचलली आणि निघालो.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

बरणीतलं सगळं सकाळी नदीकाठी पेरूखाली पुरलं. कुशाबा नाना बघत होते. म्हणाले, "चांगली पयल्या धारेची मातीत घातलीस." मग माझं तोंड बघून कुदळ त्यांनीच घेतली.

आईने बरणी राखेने चारदा घासली. दुपारी मी चित्र काढून पडवीत बसलो होतो. पाठीमागून आली, ओले हात पदराला नीट पुसले, मग कागद घेतला.

"ह्यो कुठला?"

"तोच."

"काय तरीच. तुझा तर पांढरा हुता. ह्यो किती देखना हाय! निळा बघ, मोराच्या गळ्यावानी. शेपटाला हळद. आन डोळ्याभवती हे शेंदरी काय, कुकू लावल्यासारकं?"

"तोच आहे आई. जिवंत होता तेव्हा असा होता."

तिने कागद लांब धरला, जवळ धरला. "कुनी काढला?"

"जया खांबेटे."

 पाकिटांबद्दल आई कधी काही बोलली नव्हती, आताही बोलली नाही. म्हणाली, "तिनं जिता बगितला हुता?"

"हो."

"आन तू?"

काय सांगू तिला? बशी माझ्या हातात होती. मासा माझ्या नाकाखाली, वीतभर अंतरावर फिरत होता, अर्धा तास, जिवंत, या सगळ्या रंगांचा. मी त्या कपाळावरच्या निळ्या बोटाकडे बघत होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "म्या न्हाई बघितला."